चौकाचे दार

माघ शुद्ध सप्तमी, शके १९४६. रथसप्तमी
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ज्याच्या रथाला एकच चाक आहे आणि तरीही ज्याची वाट कधी चुकत नाही, त्या सूर्यनारायणाला वंदन. मिठागरात राबणाऱ्या बापाच्या मुलाच्या ओठी जिने अक्षर ठेवले, त्या वाग्देवीला वंदन. हाती घेतलेले हे लेखन तिच्याच कृपेने सरळ चालावे.

आता विषय. माझी नात प्राप्ती हिचा विवाह अक्षय्य तृतीयेला ठरला आहे. ती किहीमला एका छपाईच्या कार्यशाळेत काम करते. लाकडी ठसे रंगात टेकवून कापडावर उठवणे, हे तिचे काम. वधूवरांच्या मध्ये धरायचा अंतरपाट तिने स्वतः छापायचे ठरवले आहे आणि त्यावरची नक्षी तिला माझ्या जुन्या पोथ्यांतून हवी आहे. मी चाळीस वर्षे शाळामास्तर होतो, त्याहून अधिक वर्षे देवळात पोथी वाचतो आहे. लोकांनी माझ्याकडे अर्थ मागितला, मुहूर्त मागितला, क्वचित उपदेशही मागितला. नक्षी कोणी मागितली नव्हती.

जाता जाता तिने विचारले, "आजोबा, आत्याआजी येतील ना लग्नाला?"

आत्याआजी म्हणजे माझी थोरली बहीण रंगू. वय एक्याऐंशी. ती धवलारीण आहे, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहून, धवळे गाऊन देवांना आमंत्रण देणारी. आमच्या आईकडून आलेला तो चौक आता तिच्याखेरीज कोणाला येत नाही. तिला मूलबाळ नाही. चिरंजीव दिपेशच्या लग्नात, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मी तिला सांगितले होते की या घरात मंत्र होतील, गाणी नकोत. ती न जेवता गेली. त्यानंतर तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही.

"पत्रिका जाईल," असे मी उत्तर दिले.

माघ शुद्ध एकादशी
शनिवार, ८ फेब्रुवारी

आज पोथ्यांची फडकी सोडली. सतरा पोथ्या निघाल्या. शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, चार, बाकीच्या पुढच्या काळातल्या, खिळ्यांच्या छपाईच्या. मी श्लोक दाखवू लागलो की प्राप्तीची नजर श्लोकाभोवती फिरायची. समासातली वेल, प्रकरणाच्या शेवटी छापलेले कमळ, शाईचा डाग पलीकडच्या पानावर उमटून झालेला फिका चंद्र, हे सारे तिने पातळ कागदावर उतरवून घेतले.

एका पोथीला कसर लागली आहे. किड्याने पानापानांतून वळणे घेत वाट कोरली आहे. मला लाज वाटली, मी ती मिटू लागलो. तिने हात धरला. "थांबा ना. किती भारी लाइन आहे ही. खाडी वाटते ओहोटीची."

मी पुन्हा पाहिले. खरोखर ओहोटीची खाडी होती. ज्याला मी पोथीचा नाश म्हणत होतो, तो कुणा सूक्ष्म जीवाचा आयुष्यभराचा प्रवास होता, आणि शब्दांच्या आरपार जाऊनही त्याने एकही अक्षर वाचले नव्हते. हा विचार दुपारभर मनात तरंगत राहिला.

माघ वद्य चतुर्थी, संकष्टी
रविवार, १६ फेब्रुवारी

घरात आता कोणतीही वस्तू केवळ वस्तू उरलेली नाही. सुपाची वीण, रोवळीची भोके, पाट्यावर टाकीने पाडलेले दाणे, विळीचे दाते, सर्वांवर कागद ठेवून पेन्सिल घासली जाते. आज तिने माझी पडवीतली आरामखुर्ची उलटी केली. वेताचे विणकाम खालून वेगळे दिसते म्हणे. दिपेश म्हणाला, "आजोबांना पण उलटं करून बघ, खालून वेगळे दिसतील." त्याचे ट्रेलर बंदरावर धावतात, विनोदही त्याच चालीचे असतात.

दुपारी डुलकी लागली आणि मिठागर दिसले. वडील वाफ्यात उभे, पाणी आटत चाललेले. प्रत्येक वाफा म्हणजे पोथीचे पान. मीठ धरत होते ते पांढऱ्या रेघांनी, पण मधला मजकूर कोरा होता. मी कडेने चालत गेलो, चालत गेलो, आणि मजकूर नाही याचे मला जराही दुःख झाले नाही. जागा झालो तेव्हा सूनबाई कल्पिता, प्राप्तीची आई, चहा घेऊन उभी होती. तिच्या पदराला पांढरे पीठ लागले होते. गुरुवार असो, रविवार असो, या बाईला विश्रांती नाही. गुरुवारी तर ती पेणला आपल्या मावशीकडे जाऊन येते, गेली दोन वर्षे न चुकता. मावशी फार आजारी असावी. मी कधी विचारले नाही, हे आज लिहिताना ध्यानात आले.

माघ वद्य त्रयोदशी, महाशिवरात्र
बुधवार, २६ फेब्रुवारी

उपवासाच्या हलक्या अंगाने पोथ्या पुन्हा उघडल्या. प्राप्ती म्हणाली, "खालून तिसरी बघू या ना." मी म्हटले, तिच्यात नक्षी बेताची आहे. "तरी बघू या."

योगायोग कसा असतो पहा. त्याच पोथीत, व्रतकथा आणि तिची फलश्रुती यांच्यामध्ये, जुन्या पंचांगाचे एक पान घडी करून ठेवलेले निघाले. कोऱ्या पाठीवर कुंकवाच्या पाण्याने एक चौक काढला होता. चार कोनांत चार वेली, मध्ये चंद्र-सूर्य, कडेने दुहेरी चौकट. मी तो तत्काळ ओळखला: आईचा चौक. कोणी काढून ठेवला ते आठवत नाही. प्राप्तीचे डोळे चमकले. "हाच. अंतरपाटावर हाच."

मात्र आकृती अपुरी आहे. खालच्या रेघेत मधोमध चार बोटे जागा सुटली आहे. काढणाऱ्याचे कुंकू संपले असावे.

फाल्गुन शुद्ध एकादशी
सोमवार, १० मार्च

माझ्या हातून या कार्यास थोडी सेवा घडली, ती नोंदवतो. प्राप्तीने पातळ कागदावर पेन्सिलीने उतरवलेला चौक ठसा कोरायला देण्यासाठी टेबलावर ठेवला होता. मी पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन खालची रेघ पूर्ण केली. शास्त्र सांगते की मंगलकार्यात भग्न मूर्ती, तुटका कलश, अर्धी आकृती वर्ज्य. माझी रेघ इतकी सरळ आली की मूळची कोणती आणि माझी कोणती हे ओळखू येणार नाही.

आज ठसा कोरून आला, शिसवी लाकडाचा, दोन तळव्यांएवढा. प्राप्तीने पांढऱ्या कापडावर मंजिष्ठेच्या लाल रंगात पहिली छपाई केली आणि ओसरीत वाळत घातली. वारा आला की चौक फुगत होता, जणू आत कोणी श्वास घेत आहे. मी बराच वेळ समोर बसलो. या घराला शोभेल असे काही माझ्या उतारवयात घडले, असे वाटले.

कल्पिता स्वयंपाकघरातून आली, उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, इथे खाली मोकळं होतं ना?"

"अपुरे होते. पुरे केले."

आत भाजी लागल्याचा वास आला, तरीही ती लगेच गेली नाही.

फाल्गुन वद्य पंचमी
बुधवार, १९ मार्च

कल्पिता आणि प्राप्ती दोघी पत्रिका घेऊन रंगूकडे गेल्या होत्या. पेणच्या अलीकडे, खाडीकाठी तिचे घर. कापडही दाखवायला नेले होते. सायंकाळी परतल्या. कापड घडी करून पिशवीत. प्राप्तीचे नाक लाल.

"काय म्हणाली?"

कल्पिता खाली पाहत म्हणाली, "आत्या बोलल्या, चौक लिवायचा तो देवांना घरात घ्यायला. धवळे गाऊन एकेकाला नाव घेऊन बोलवायचं. सगळे आत आले की मग शेवटच्या चिमटीने दार मिटायचं. बिनदाराच्या चौकात मी कोणाला बोलवू? आणि बोलल्या..."

"बोल."

"बोलल्या, माझ्या भावाने एकदा मला भायेर ठेवलं, आता देवांना ठेवतो. मी येणार नाय."

दिपेश समजुतीने म्हणाला, "टेन्शन कशाला घेता? चौकाचा स्टिकर मिळतो आता. भिंत पण खराब होत नाही."

ठसा प्राप्तीच्या मांडीवर होता. ती त्या खालच्या रेघेवरून अंगठा फिरवत होती. रंगू आली नाही तर चौक रंगूबरोबरच जाईल, हे तिने मला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.

फाल्गुन वद्य एकादशी
मंगळवार, २५ मार्च

आज मी रंगूकडे गेलो.

सहा दिवस मनाशी वाद चालला होता. मी पट्टीने रेघ मारली ती शास्त्राधारे मारली, माझा हेतू शुद्ध होता. हे सर्व वाक्यबद्ध करून मी निघालो. रिक्षातून उतरलो आणि पहिले वाक्य विसरलो.

रंगू पडवीत बसली होती. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. पावलांवरून तिने ओळखले.

"आलास काय. पायरी उच हाय, सांभाल. तुज्या पोथीन ती लिवलेली नसल."

तिच्यापुढे माझी शुद्ध भाषा कधीच टिकलेली नाही. "बाय," मी म्हटले, "मना वाटला, चौक अर्धा राहिलाय."

"तुला सगलाच अर्धा दिसते. तुज्या पोथीन नाय ते अर्धा." मग हसली. "दार बुजवलंस. आता देव कुठशी येतील? कौलांवरशी उतरतील, मांजरीसारके?"

"तो कागद कोनी ठेवला व्हता पोथीन?"

"मीच. सासरी चालले तवा. घरान वाचनारा तू एकलाच. मना वाटला, येक दिवस तुज्या नजरंला पडंल."

पासष्ट वर्षे झाली. मी त्या पोथीची पारायणे केली आहेत, पण बहुधा त्या प्रकरणापुढे पान उलटलेच नसेल. फलश्रुती पाठ असल्याने पाहावी लागत नसे.

मग तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. लहानपणी दिवेलागणीला मी वडिलांना पोथी वाचून दाखवीत असे आणि चिमणी धरायला ती माझ्या शेजारी बसे. तिला शाळेत घातले नव्हते. "तू अक्षरां वाचायचास, मी काठ वाचायची. वेल कोनात कशी वलते, पान कुठं फुटते. आईचे चौकाला निसत्या रेघा व्हत्या. कोनातल्या वेली मी तुज्या पोथीतशी घेतल्या. आनि तुज्या पोथीलाबी खाली दार व्हता. दर पानाला. दारान कोनतरी उबा रे. दर पानावर येगला मानूस. मना वाटला, छापनारा शहाना हाय, त्याला चौक म्हाईत हाय."

तिने तांदळाच्या पिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. "काढ एक वेल."

मी जमिनीवर चिमूट सोडली. बोटांतून पीठ सांडले, रेघ कुठे जाड, कुठे नाही. शेवटी एक गांडूळ झाले.

"हात पोथीन अडाकलाय," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिले. अठ्ठावीस वर्षांनी माझ्या हातचे पाणी ती प्यायली. मी क्षमा मागितली. कोणत्या गोष्टीची ते मी म्हटले नाही, तिनेही विचारले नाही.

निघताना म्हणाली, "येन मी. गाईन. पन लिवाला माजे हातान दम नाय, डोल्यान धुका. लिवनारी तुजे घरान हाय."

"प्राप्ती? नवरीने आपला चौक लिहायचा नसतो."

"तुला काय काय म्हाईत रे धर्मा," एवढेच ती म्हणाली, आणि पडवीतल्या भिंतीकडे तोंड फिरवून बसली. त्या भिंतीवर कोणीतरी चौक काढून पुसले होते. एकावर एक, कितीतरी. मला वाटले, जुने असतील.

घरी येऊन हातपाय न धुता पोथी उघडली. प्रत्येक पानाच्या चौकटीत, खालच्या रेघेला मधोमध खंड पाडून छापणाऱ्याने पृष्ठांक बसवला आहे. एक. दोन. तीन. दारात उभी माणसे. मी सत्तर वर्षे त्यांच्या अंगावरून पान उलटत आलो.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४७. गुढीपाडवा
रविवार, ३० मार्च

ठशाचे काय करावे, ही चिंता होती. प्राप्तीबरोबर किहीमला गेलो. नारळाच्या झावळ्यांतून ऊन गळत होते. ठसे कोरणारा प्रज्योत म्हणून तरुण आहे, त्याने ठसा उजेडात धरला आणि म्हणाला, "बाबा, लाकडात वाढवायचं असतं तर नवीन कोरावं लागलं असतं. काढायचं तर काय, दोन ठोके." पटाशी लावली, दोन ठोके मारले. माझी ती सरळ रेघ भुशात पडली.

जुन्या छपाईचे कापड वाया जाऊ दिले नाही. पोथ्या त्यात बांधल्या.

चैत्र पौर्णिमा
शनिवार, १२ एप्रिल

नवा अंतरपाट तयार झाला. रंग सुकल्यावर प्राप्तीने त्याच्यामागे उभे राहून मला हाक मारली. कापडातून तिची आकृती दिसत होती, चेहरा नाही. क्षणभर मला ती कोण हे कळले नाही. रंगू असावी, आई असावी, अजून न जन्मलेली कोणी असावी. मग ती शिंकली.

चैत्र वद्य एकादशी
गुरुवार, २४ एप्रिल

लिहिणारी कोण, हे कोडे सुटलेले नाही. गावात तिघींना विचारले. चौक कोणालाच येत नाही. लग्नाला सहा दिवस उरले. कल्पिताला म्हटले, "तुझ्या पेणच्या मावशीला विचारून पहा, त्या बाजूच्या बायकांना येत असेल." ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "विचारते." आणि गेलीही. आज गुरुवारच होता.

वैशाख शुद्ध चतुर्थी
गुरुवार, १ मे

लग्न काल पार पडले. देवांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने सर्व यथासांग झाले. त्याचे वर्णन इतर लोक करतील. मला परवाचा, हळदीच्या दुपारचा प्रसंग लिहायचा आहे.

दिपेशने रंगूला स्वतः गाडीने आणले. उंबऱ्याशी ती थांबली. मी आतून हात पुढे केला. तिने तो धरला नाही, चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि आत आली. ओटीवरच्या भिंतीला गेरू दिला होता. तैलरंगावर गेरू धरेना, म्हणून दिपेशने आदल्या दिवशी तो भिंतीचा भाग स्वतः खरवडला होता. स्टिकरचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

रंगू पाटावर बसली. म्हणाली, "चल गो. दिवस कलतो."

कल्पिताने पिठाची वाटी उचलली, पदर खोचला आणि भिंतीसमोर उभी राहिली.

मी सुनेच्या हातचे अठ्ठावीस वर्षे जेवलो आहे. तिचा हात इतका स्थिर आहे, हे मला ठाऊक नव्हते. करंगळी भिंतीला टेकवून तिने पहिली रेघ ओढली, ती श्वासासारखी आली. कोनात पोहोचताच वेल आपणहून वळली. चंद्र झाला, सूर्य झाला, दुहेरी चौकट उतरत खाली आली आणि मधोमध चार बोटे जागा सोडून थांबली.

मग रंगू गाऊ लागली. आवाज चिरका, पण सूर सुटत नव्हता. खाडीला बोलावले, खारजमिनीला, गावदेवीला, सूर्याला, आमच्या आईला नावाने, वडिलांना नावाने. ज्या वधूवरांसाठी हा चौक, त्यांची नावे घ्यायची वेळ आली. प्राप्ती हळदीच्या पाटावर मान खाली घालून बसली होती.

रंगूने नाव घेतले दिपेशचे. मग कल्पिताचे.

म्हातारीचा घोटाळा झाला, असे वाटून मी तिला सांगण्यासाठी उठलो. प्राप्तीने हळदीच्या हाताने माझे मनगट धरले. "बसा ना आजोबा." मी बसलो. कल्पिता भिंतीकडेच तोंड करून होती. तिचा हात हवेत तसाच राहिला होता. दिपेश दारात उभा होता. तो काही विनोद करील असे मला वाटले, त्याने केला नाही. रंगू ते धवळे अथपासून इतिपर्यंत गायली, एकही कडवे न गाळता. या घरात एके काळी जे झाले नव्हते, ते पूर्ण होईपर्यंत सर्व मांडव थांबून राहिला. त्यानंतर तिने प्राप्ती आणि नवरदेव विपुल यांची नावे घेतली, आणि दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केले.

शेवटी "मिट आता गो" असे रंगू म्हणाली. कल्पिताने चिमूट उचलली आणि दार मिटले. मग ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. हातांचे पीठ धुवायला गेली असावी.

रंगू आजही इथेच आहे. गुरुवार असल्यामुळे कल्पिताला म्हटले, आज पेणला जायचे नाही का? ती म्हणाली, "आता कशाला, बाबा."

हे जो कोणी वाचील, त्याच्या घरी न बोलावलेला कोणी उरू नये. ज्याला अक्षर आले त्याला काठ दिसो, ज्याला काठ दिसला त्याला अक्षर मिळो. उशिरा आलेल्यांनाही आपल्या नावाचे गाणे ऐकायला मिळो. सर्वांचे कल्याण होवो.